काकाचा पुढे आलेला हात

माझं काम काय, हे पिंपळगाव राजात कोणाला पटत नाही. मोबाईलवर लोक काय बोलतात ते वाचायचं, त्यातलं तंबाखू-दारूचं वेगळं काढायचं, आणि प्रत्येक पोस्टला खूण लावायची: खाणारा, पिणारा, सोडू पाहणारा, नुसता टवाळ. अभ्यास पुण्याच्या मॅडमचा. त्यांना वऱ्हाडी कळत नाही म्हणून मी. "येताना पुडी आण बे" या दोस्ताला दिलेल्या निरोपाला त्यांनी 'विक्री' अशी खूण लावली होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

एक खूण 'आग्रह' अशीही होती. दुसऱ्यानं दिली म्हणून खाल्ली, असं लिहिणाऱ्यांची. मला ही माणसं लेचीपेची वाटायची.

मग खामगावच्या डॉक्टरांनी बाबांना तोंड उघडायला सांगितलं. दोन बोटांच्या वर उघडेना. तंबाखू आजच बंद करा, नाहीतर पुढचं माझ्या हातात नाही, असं ते म्हणाले. बाबांनी घरी येऊन पुडी उकिरड्यावर फेकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाल फुगवून घरात आले.

मी संतापले. सोडलेल्या लोकांच्या पोस्टी एकामागून एक वाचून दाखवल्या. बाबा म्हणाले, चांगलं लिहितात.

तंबाखू काकाची होती. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाजलं तेव्हापासून दोघांत चकार शब्द नाही. पण रोज सकाळी दोघं निंबाखालच्या ओट्यावर बसतात. काका तंबाखू चोळतो, थापटतो आणि दुसरीकडेच बघत तळहात पुढे करतो. बाबा चिमूट उचलतात. आमच्याकडे पुढे आलेला हात परतवला की नातं संपलं. बाबा डॉक्टरला नाही म्हणू शकत होते, काकाला नाही.

शेवटी मीच काकाकडे गेले. बाबांचं तोंड उघडत नाही, डॉक्टर काय म्हणाले, सगळं सांगितलं. म्हटलं, काका, उद्यापासून हात पुढे करू नका.

काका म्हणाला, "मंग मी त्याच्यासंग बोलू कसा?"

एवढ्या पोस्टी वाचल्या होत्या, मेलं याचं उत्तर एकीतही नव्हतं.

सकाळी मी दारातून बघत होते. काकानं खिशातून कागदाची पुडी काढली, तळहातावर ओतली, सवयीनं थापटली आणि हात पुढे केला. भाजलेली बडीशेप आणि जवस. बाबांनी हाताकडे बघितलं, चिमूट घेतली, कसंबसं तोंड उघडून आत टाकली. खूप वेळ चावत राहिले.

"मीठ कमी हाये बे," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकाच्या पुडीत मीठ बरोबर होतं.