तीन कोणी म्हणायचं

मालवणच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारणारा हा माणूस. खानावळीसाठी मी रोज त्याच्याकडून बांगडे घेतो. एका जागी तो कधी उभा राहत नाही. लुंगी सावरत टोपलीभोवती फिरत ओरडतो. त्याने "तीन" म्हटलं की सौदा संपला, मग मंत्री आला तरी भाव हलत नाही.

गेला आठवडाभर मात्र तो मला बाजूला घेऊन विचारायचा, "चर्चच्या छपराक तू किती देतलंस रे?" मी दर वेळी तोच आकडा सांगायचो. त्याचं समाधान व्हायचं नाही.

रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाल्यावर, छपरासाठी वर्षभरात कोण किती देणार, हे फादर एकेकाला विचारू लागले. हा उठला.

"पाच हजार."

त्याने गर्रकन मागे पाहिलं, जणू कोणी भाव वाढवला होता.

"साडेपाच... सहा... सात."

लोक हसायला लागले. मला हसू येईना. तो आज एका जागीच उभा होता. बायकोने त्याचा शर्ट ओढला.

"एक," तो म्हणाला. "दोन." आणि अडकला.

फादर पेन धरून थांबले होते.

"फादर," तो हळूच म्हणाला, "तीन तुमी म्हणा. माका जमणा नाय."