मिलिंदनं रंगवलेली माणसं

मी शाळेतला ड्रॉइंग टीचर. आमच्याकडं साठतात ते तपासायच्या राहिलेल्या चित्रांचे गठ्ठे, किस्से नव्हेत. पण मिलिंद नावाच्या मित्राबरोबर पंधरा-वीस वर्षं काढली, आणि आता चार माणसं चहाला बसली की एक किस्सा सांगायला घ्यावा तर मागून दुसरा ढकलत येतो. ऐकणारे हसतात. मला मात्र अजून धक्काच बसतो. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडलं, हे माझं मलाच खरं वाटत नाही!

मिलिंद मूळचा पेठ वडगावचा. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात खोली घेऊन राहिला. फक्त माणसं रंगवायचा. जोडीला एका पेपरात दर रविवारी चित्रकलेवर लिहायचा, आणि तिथंच घोटाळा झाला. लेखांमुळं गावभर नाव झालं, चित्रांकडं कुणी ढुंकून बघेना. "मला लेखक म्हणून मरायचं नाही," असं तो दर आठवड्याला मला ऐकवायचा. मुंबईच्या एखाद्या मोठ्या गॅलरीत आपलं एक चित्र लागावं, एवढंच त्याला हवं होतं.

*

एकदा त्यानं आम्हा दोघांना चित्रकला शिकवलेल्या सरांच्याच प्रदर्शनावर लिहिलं. सरांचा दरारा असा की त्यांच्यासमोर आम्ही अजून खुर्चीवर बसत नाही. तरी या पठ्ठ्यानं छापून टाकलं, "या चित्रांतली माणसं श्वास घेत नाहीत."

सोमवारी सकाळी मी त्याच्या खोलीवर होतो. दार वाजलं. दारात सर! आणि सरांच्या मागं पाच माणसं. भाजीवाली मावशी, रिटायर्ड पोस्टमन, आणखी तिघं. सगळी त्या चित्रांतली! सरांनी त्यांना ओळीनं भिंतीला लावून उभं केलं.

"हं. आता एकेकाच्या नाकाम्होरं हात धर, आणि कोण श्वास घेत न्हाय ते मला सांग."

मला वाटलं, हा पाय धरेल. यानं हात धरला! पाचही जणांच्या नाकासमोर, नीट वेळ घेऊन.

"झालं न्हवं?" मावशी म्हणाली. "तिकडं माझी भाजी सुकाय लागलीया."

"घेत्यात सर," मिलिंद म्हणाला.

"मग तसं छाप!"

पुढच्या रविवारी त्यानं छापलं, "पाचही जणांना समक्ष भेटलो. सर्वांचा श्वास उत्तम चालू आहे. चित्रांबद्दलचं मत कायम."

*

एक दिवस राधानगरीकडचे एक पावणे आले. "तुमी हुबेहूब काढता म्हणं?"

मिलिंद हरखला. पहिल्यांदाच कुणीतरी चित्रासाठी जिना चढून आलं होतं. "कुणाचं काढायचं? फोटो आणलाय?"

"फोटू कशाला? समक्ष आणलीया की."

आम्ही खिडकीतून खाली बघितलं. गल्लीत टेम्पो, टेम्पोत म्हैस!

"मी फक्त माणसं काढतो हो," मिलिंद म्हणाला. पावण्यांना ते लागलं. "मग ती काय परकी हाय व्हय? घरातलंच माणूस हाय की."

मिलिंदनं ब्रश घेतला. तीन दिवस म्हैस गल्लीत बांधली होती आणि तीन दिवस सगळी गल्ली निरसं दूध पीत होती. चित्र झालं. पावणे लांबून बघून आले, जवळून बघून आले, आणि त्यांचा चेहराच पडला.

"सगळं बेस हाय. पर कास लई बारकी काढलासा. गावात काय तोंड दावू मी?"

"जेवढी दिसली तेवढी काढलीय."

"ब्रशानं थोडी वाडवायची, त्यात काय गा?"

"एक रेघ वाढवणार नाही!" मिलिंद असा ओरडला की खाली म्हैस बिचकली. पावण्यांनी चित्र तिथंच ठेवलं आणि ते म्हैस घेऊन गेले.

*

मग त्यानं स्वतःचं प्रदर्शन भरवलं. चांगला मोठा हॉल, तीस चित्रं, सात दिवस. गर्दीही झाली. मी खूश होतो. शेवटच्या दिवशी अभिप्रायाची वही उघडली आणि मी हबकलोच.

"रविवारचा लेख आवर्जून वाचतो." "आमच्या सूनबाईंच्या रांगोळीवर लिहावे." "मागच्या लेखात एक चूक होती." अशी चाळीस पानं! चित्रांबद्दल एकच अभिप्राय सापडला. "चित्रे खिडकीसमोरून हलवावीत. वारा अडतो."

मिलिंदनं वही मिटली. दुसऱ्या दिवशी पेपरच्या ऑफिसात जाऊन सदर बंद करून आला. संपादक पायऱ्या उतरून मागं धावले म्हणे. हा वळून बघेना.

*

त्यानंतर त्यानं वस्तादांना गाठलं. वस्ताद म्हणजे गल्लीतल्या तालमीचे, सत्तरीचे. उभ्या जन्मात सदरा न घालणारा माणूस. मिलिंदनं त्यांना लंगोटावर उभं केलं आणि सांगितलं, "अजिबात हलायचं नाही."

एक तास झाला, दोन झाले. नाकावर माशी बसली तरी वस्ताद ढिम्म. मी बाहेर चहा ओतत होतो, तेवढ्यात आत धाडकन आवाज झाला. गेलं म्हातारं, असं म्हणत मी आत धावलो.

खाली मिलिंद पडलेला! सकाळपासून उपाशी, त्यात तीन तास उभा. आणि वस्ताद? वस्ताद पोझमध्ये!

"अहो वस्ताद, बघताय काय? उचला की त्याला!"

"त्योच म्हनलाय हलू नका," वस्ताद ओठ न हलवता म्हणाले.

ते चित्र अख्खा पावसाळा चाललं. लोंबलेलं कातडं, चेपलेले कान, तरी छाती पुढं. चित्र बघितलं आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. याच्यापेक्षा चांगलं काम त्याच्या हातून झालं नव्हतं. त्यानं फोटो मुंबईला पाठवले. गॅलरीचं पत्र आलं. निवड झाली! मिलिंद ते पत्र खिशात घालून हिंडायचा, आणि भेटेल त्याला दाखवायचा.

*

चित्र मुंबईला निघायला पंधरा दिवस राहिले आणि वस्ताद गेले. घरात त्यांचे फोटो होते ते सगळे तरणेपणीचे, गदा घेतलेले. थोरला मुलगा मिलिंदकडं आला. "उत्तरकार्याला तेवढं चित्र द्या की. दोन दिवसांत परत आणतो." मिलिंदनं स्वतः उचलून टेम्पोत ठेवलं.

उत्तरकार्याला आम्ही दोघं गेलो. दारात मांडव, मांडवात टेबल, टेबलावर हार घातलेलं चित्र. मी जवळ गेलो आणि बघतो तर काय!

वस्तादांच्या अंगात पांढरा सदरा! लंगोट गायब, खाली धोतर! खिशाला पेन!

"आख्ख्या तालुक्याचं पावणं येनार," मुलगा म्हणाला. "लंगोटावर कसं ठिवायचं? म्हणून शिवा पेंटरला बलीवला." दुकानांचे बोर्ड रंगवणारा शिवा डबा घेऊन शेजारीच उभा होता. "तोंडाला हात लावलेला न्हाय, आईशप्पत!" तो मिलिंदला म्हणाला. बोर्डाचा ऑइल पेंट. निघणं शक्य नव्हतं. गाडी परवा मुंबईला निघणार होती.

तेवढ्यात वस्तादांची बायको, आमच्या काकी, आतून आल्या.

"लगीन सोडलं तर ह्यांनी अंगात कापड म्हणून घातलं न्हाय, बाळा. किती सदरं शिवलं मी, तसंच पेटीत हायत. आता बघ, कसं दिसत्यात."

पंगत बसली, उठली. काकी चित्रासमोरून हलेनात. डोक्यापासून खालपर्यंत बघायच्या, पुन्हा वरून सुरू करायच्या.

"चल, घरी जाऊ," मी मिलिंदचा दंड धरला. तो काकींकडं बघत होता.

"शिवा, ब्रश हाय?"

"हा...हाय की."

मी त्याचा हात घट्ट धरला. त्यानं सोडवून घेतला, ब्रश डब्यात बुडवला आणि हार बाजूला सारला.

"वरनं दुसरं बटण राहिलंय," तो म्हणाला, आणि त्यानं ते रंगवलं.