कार्डाला लावलेलं कुंकू

माझी धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहायची आणि ब्रॉडबँड आधी तिच्याकडे आलं. त्याचं मला काही वाटलं नाही. पोटात दुखायला लागलं ते माझी मुलगी शिकायला जर्मनीला गेल्यावर. दर रविवारी दुपारी ती कॅमेऱ्यावर दिसायची, पण जावेच्या कॉम्प्युटरवर. खुर्चीत जाऊ बसायची, मी मागे उभी. लेक माझी, आणि तिचं तोंड बघायला मी दुसऱ्याच्या दारात! तिला सर्दी झाली तरी जावेला ईमेलवर बुधवारी कळायचं, मला रविवारी. बरं, जावेला स्वतःचे दोन मुलगे होते. तेवढ्यावर हिचं भागत नाही का, असं मी मनात कितीदा म्हटलं असेल.

आमच्याकडेही कॉम्प्युटर होता, पण जुना. ब्रॉडबँडचा अर्ज द्यायला टेलिफोन ऑफिसात गेले, तर तिथल्या माणसानं विचारलं, मागच्या बाजूला टेलिफोनच्या पिनेपेक्षा जरा रुंद भोक आहे का? नव्हतं.

"मग पयला नेटवर्क कार्ड बसवून घ्या बाई. वायर लावायला जागाच न्हाय, तर मी मोडेम आणून काय करू?"

जावेला सांगितलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. मी मरून गेले असते, पण तिला सांगितलं नसतं. दुकानातून कार्ड आणलं, तिथेच समजून घेतलं. प्लग काढायचा, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडायचं, रिकाम्या खाचेत कार्ड दाबून बसवायचं आणि एक स्क्रू पिळायचा.

नेमकी त्या दिवशी खंडेनवमी होती. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत. लेथपासून पान्यापर्यंत सगळ्याला त्या दिवशी हळदकुंकू लागायचं, आणि घरात नवं यंत्र आलं की पूजेशिवाय चालू करायचं नाही, हे ठरलेलंच.

"कार्डालाबी लाव की," तो म्हणाला.

कार्डाच्या खालच्या कडेला ओळीनं बारीक सोनेरी दात होते. सगळ्यात देखणी जागा तीच. म्हणून ओलं हळदकुंकू मी त्या दातांवरच लावलं, चांगलं निगुतीनं, आणि मनात मागणंही मागून घेतलं: लेक आता माझ्या घरात दिसू दे, फक्त माझ्या.

कार्ड बसलं. कॉम्प्युटर चालू झाला, पण त्याला कार्ड काही दिसेना. कार्डाबरोबरची सीडी घातली, तरी नाही. दसरा झाल्यावर मोडेम घेऊन माणूस आला. वायरी जोडून त्यानं स्क्रीनकडे बघितलं, "कार्ड दाखवून घ्या कुणाला तरी" म्हणाला आणि मोडेम ठेवून गेला.

रविवारी आपल्याच घरी बोलायचं, असं मी लेकीला फोनवर तोऱ्यात सांगून बसले होते. रविवारी सकाळी जाऊ खाली आली. मी बोलावलं नव्हतं, नवऱ्यानंच सांगितलं असणार. तिनं प्लग काढला, झाकण उघडलं, कार्ड उपसून उजेडात धरलं आणि हसायला लागली.

"अक्का, दातांवर कुंकू लावलंय व्हय? हितनंच तर सगळं जातंय-येतंय. त्याला कार्ड दिसायचं कसं?"

तिच्या हसण्यात कुचकेपणा नव्हता. म्हणून तर माझ्या अंगाचा जास्तच तिळपापड झाला.

वर जाऊन आपल्या मुलाच्या कंपासपेटीतला खोडरबर आणून तिनं एकेक दात घासला. लाल चुरा फरशीवर पडला. कोरड्या ब्रशनं खाच झाडली, कार्ड परत बसवलं. या वेळी कॉम्प्युटरनं ते ओळखलं. पुढची सगळी खटपट तिनंच केली, वरून स्वतःचा कॅमेरा आणून लावण्यापर्यंत. दुपारी लेक कॅमेऱ्यावर यायची वेळ झाली तशी ती उठली.

"बसा अक्का. आज खुर्ची तुमची."

म्हणजे माझ्या मनातलं तिला सगळं माहीत होतं. मी बसले. ती दाराकडे गेली आणि स्क्रीनवर लेक आली, केस ओले, अंगात जाड स्वेटर.

"आई! लागलं की गं! काकूनं करून दिलं न्हवं? बोलव की तिला."

जाऊ दारात चप्पल घालत होती.

"ती बाहेर गेलीय," मी म्हणाले.

दारात चपलेचा आवाज थांबला. मग ती जिना चढून वर गेली.

"जेवलीस का?" मी लेकीला विचारलं.