दिवस मावळायच्या आधीचं जेवण

डॉक्टरांनी पद्मावतीची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, बोटाला सुई टोचून रक्त घेतलं आणि आम्हाला बाहेर बसवलं. तासाभरानं मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, “मास्तर, रक्त शंभर हवं, तिथे तीसच आहे. एवढ्या रक्तावर बाळंतपण निभायचं नाही.”

ते साल त्रेचाळीस. लढाई चालू होती. मी सांगलीजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. आम्ही जैन. पद्मावती माझी बायको, तिला सातवा महिना होता. श्रावणापासून तिला धाप लागायची, पाय सुजायचे, जीभ लालभडक होऊन साधी आमटीसुद्धा चरचरायची. पोटुशीला असं व्हायचंच, असं आई म्हणे आणि मीही मान डोलवी. एके सकाळी ती आडावर घागर ओढताना कोसळली, तेव्हा तिला गाडीत घालून मिरजेच्या दवाखान्यात आणलं.

आजाराचं नाव मॅक्रोसायटिक अॅनिमिया. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी होतात, आणि ज्या उरतात त्या नुसत्याच मोठ्या, अर्ध्याकच्च्या असतात.

मग तिलाही आत बोलावून, ही काय काय खाते, असं डॉक्टरांनी विचारलं. मला सांगता येईना. शेवटी तिनंच सांगितलं. चातुर्मास, म्हणून पालेभाजी बंद. दूध पुरुषांना. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं. आधी वडील, मी, धाकटे भाऊ, मग आई. तिची जेवायची पाळी येईतो बऱ्याचदा सूर्य बुडालेला असे. मग ती तशीच झोपायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो, तेही परक्या माणसासमोर.

डॉक्टर म्हणाले, “मांस खात नाही म्हणून हे झालेलं नाही. तुमच्यात जे चालतं, तेही हिच्या ताटात पडलं नाही, म्हणून झालंय.”

औषध होतं लिव्हर एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे जनावराच्या यकृताचा, कलेजीचा अर्क. सुईनं द्यायचा. डॉक्टरांनी ते तिच्यापासून लपवलं नाही. ती भिंतीकडे बघत म्हणाली, “ते नको. दुसरं काय बी द्या.”

दुसरं होतं ते यीस्टच्या अर्काचं. काळपट, खारट, चिकट. यीस्ट म्हणजे पीठ फुगवणारं खमीर. लढाईमुळे ते मिळत नव्हतं; डॉक्टरांनी कुठून तरी एक बरणी पैदा केली. त्यात जीव आहे का, असं तिनं विचारलं. खमीर बुरशीच्या जातीचं असतं, दारूच्या भट्टीत वापरतात तरी दारू त्यात नाही, पण जीवच नाही असं मी म्हणणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग, बरी झाल्यावर आमच्या मुनिमहाराजांकडून प्रायश्चित्त घेईन म्हणाली आणि चमचा तोंडात घेतला.

रोज बोटाला सुई. रोज तेच उत्तर : नव्या पेशी अजून नाहीत. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायचो. करण्यासारखं काहीच नव्हतं. पाचव्या दिवशी ती पाणी मागतानाही दमली. मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. तिला न सांगता ती सुई द्या, पाप माझ्या माथी, असं म्हणालो.

ते रागावले नाहीत. “ती शुद्धीवर आहे. तिला विचारलं, तिनं नको म्हटलं. आता फसवून टोचणार नाही. तुम्ही जाऊन तिच्याजवळ बसा.”

मी जाऊन बसलो. तेवढंच करता आलं.

आठव्या दिवशी रक्तात नव्या पेशी दिसल्या. नवव्या दिवशी तिनं भूक लागली म्हणून सांगितलं. पण त्याच आठवड्यात दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली, मुठीएवढी. चार दिवस जगली.

घरी परतल्यावर मी तिच्या चोरून सुई मागितल्याचं पद्मावतीला सांगून टाकलं. ती मोड आलेली मटकी निवडत होती. हात थांबला नाही.

“ठाव हाय मला. दुसऱ्या दिशी डॉक्टरनी मला सुईचं परत इचारलं, तवाच कळलं. तुमी घाबरला हुता. पर सुई द्या म्हणून डॉक्टरकडं गेलासा, मी जेवले का, ते मला कवाच न्हाई इचारलंसा.”

मी तिच्यासमोर बसून मटकी निवडू लागलो.

आमचा आहार आजही तोच आहे, शुद्ध शाकाहारी. फरक एवढाच की भाजी शिजवलेलं पाणी ओतून देत नाही. मटकी, शेंगदाणे, दूध, ताक तिच्याही वाट्याला येतं, आणि गरोदर बाईनं चातुर्मासात पालेभाजी सोडू नये, हे खुद्द महाराजांनीच आईला समजावलं. तुमच्या घरी पोटुशी बाई असेल, तर तिची जीभ बघा, पापणी बघा. त्याआधी तिचं ताट बघा.

ते डॉक्टर पुढे बदलून गेले. पुष्कळांना त्यांनी औषध दिलं म्हणून ते आठवतात. मला ते आठवतात, ते त्यांनी माझं ऐकलं नाही म्हणून.