फळी अडवणारा पाय

कर्जतच्या रेशन दुकानात मी तिला एकदाच पाहिलं. आत तांदळाची पोती दिसत असूनही दुकानदार "संपला" म्हणत दाराच्या फळ्या लावू लागला. रांगेतल्या पहिल्या बाईनं पदर खोचला आणि फळी सरकवायच्या खोबणीत पाय ठेवला.

"भीक मागतेस, तीही रुबाबात?" तो खेकसला.

"भीक मागायची तर तुज्या घरी आले असते रं. हे रेशनचं दुकान हाय. हक्काचं मागतेय. तोल!"

त्यानं फळी बाजूला ठेवून तोललं. तिची पिशवी भरली, तरी पाय हलला नाही. रांगेत शेवटी माझी आई होती. तिला तांदूळ मिळाल्यावरच ती बाई भिसेगावकडे चालू लागली.

अन्न हा माणसाचा हक्क आहे का, असं कुणी विचारलं की मी ठामपणे हो म्हणतो. त्या दिवशीचा भात मी खाल्ला आहे.