अठरा सत्तावीस, त्र्याहत्तर सव्वीस

ताम्हिणी घाटात चहाची टपरी चालवणाऱ्या हाफीजभाईंना आकड्यांचा भारी अभिमान. धुक्यात कुणी वाट चुकलं, दरीत कुणी पडलं, की ते आपलं जुनं जीपीएस यंत्र काढणार आणि जागेचे अक्षांश-रेखांश शोधपथकाला फोनवर सांगणार. पथकाकडंही तसलंच यंत्र. त्यामुळं अंश, मिनिटं असलं काही बोलायची गरजच नसायची; नुसते आकडे सांगितले की पोरं नेमकी तिथं हजर. चौदा वर्षांत एकदाही चूक नाही, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचेच.

त्या दुपारी टपरीमागच्या घरात त्यांच्याच लेकीला, बाळंतपणाला माहेरी आलेल्या नाजनीनला, तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. रक्त जायला लागलं.  हाफीजभाईंनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

"घाटात नेमकं कुठं?" पलीकडून विचारलं.

सवयीनं तोंडून निघालं, "अठरा सत्तावीस, त्र्याहत्तर सव्वीस!"

पाऊण तासानं भोंगा ऐकू आला. हाफीजभाई रस्त्यावर धावले. आणि काय सांगावं, गाडी त्यांच्यासमोरून सुसाट निघून गेली, खाली कोकणाकडं!

"आरं थांब! हितं हाय, हितं!"

कोण ऐकतंय! ॲम्ब्युलन्सवाल्यांनी कळवलेल्या नंबरावर त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, "काका, नकाशा माणगावकडं दाखवतोय. अठरा पॉइंट सत्तावीस ना?"

पॉइंट! हाफीजभाईंनी तर मिनिटं सांगितली होती. अंशाची मिनिटं साठ, त्यातली सत्तावीस म्हणजे जवळजवळ अर्धा अंश. नकाशानं शंभरातले सत्तावीस धरले आणि गाडी वीसेक किलोमीटर दक्षिणेला पाठवली, जवळजवळ तितकीच पश्चिमेला.

"न्हाई रे बाबा! माघारी फिर! टपरीम्होरं उभा हाय मी!"

गाडी वळून येईपर्यंत नाजनीन पांढरीफटक पडली होती. तिची आई रोशनबी तिचे तळवे चोळत होती. हाफीजभाईंचं खाटेपासून रस्ता, रस्त्यापासून खाट चाललेलं. लेक गेली तर मीच मारली, एवढंच डोक्यात.

पुण्याकडं जाताना पौडच्या अलीकडं गाडीतच पोर जन्मलं. आधी गप्प; गाडीतल्या डॉक्टरणीनं पाठ चोळली तेव्हा कुठं रडलं. नाजनीनही वाचली.

दवाखान्यात संध्याकाळी तिनं विचारलं, "अब्बा, गाडी सरळ म्होरं कशी गेली? ड्रायव्हर येडा हुता का?"

"व्हय गं, मेला आंधळाच," रोशनबी म्हणाली.

हाफीजभाईंनी मान खाली घातली. "त्याची चूक न्हाई, बेटा. आकडे मीच अर्धवट सांगितले."

 बाळाला घ्यायला त्यांनी हात पुढं केले, तेव्हा नाजनीननं ते लगेच दिलं नाही.