सर्वपित्रीच्या दुपारी मिठागरात

२००४ सालच्या सर्वपित्री अमावस्येला, भर दुपारी, माझी आई भाईंदर पश्चिमेच्या आमच्या घरातून नैवेद्याचं पान घेऊन एकटीच बाहेर पडली आणि मुर्ध्यापुढच्या एका बंद पडलेल्या मिठागरात सापडली. तेव्हा उधाणाची भरती होती. आईची साडी कोरडी होती, पान रिकामं होतं आणि तिचे केस तेल लावून, विंचरून, घट्ट बांधलेले होते. एवढं मी स्वतः पाहिलं. बाकीचं ज्यांनी सांगितलं, त्यांच्या शब्दांत सांगते.

मी एका दैनिकात उपसंपादक होते. दुसऱ्यांच्या बातम्या तपासायच्या आणि कुणी कुणाच्या हवाल्याने काय म्हटलं ते नीट लावायचं, हे माझं रोजचं काम. देवावरची श्रद्धा मात्र मी कधी तपासली नव्हती. ती गिरगावातल्या खोलीतून आमच्या सामानाबरोबर भाईंदरला आली होती. त्या वर्षी प्रथमच ती डळमळली. बाबा गेल्यानंतर आईची स्मरणशक्ती हळूहळू विरत चालली होती. संध्याकाळी देवीपुढे दिवा लावताना आपण नेमकं काय मागतोय ते मला कळेनासं झालं होतं. आईला बरं कर म्हणावं, तर ती बरी होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं. आणि तिची आता सुटका कर म्हणायला जीभ वळत नव्हती. मग मी नुसती हात जोडून उभी राहायचे आणि दिवा स्थिर झाला की वळायचे.

आमच्या समोरच्या दारात सुधाकरभाऊ राहायचे. मूळचे मराठवाड्यातले, बौद्ध, विमा कचेरीत नोकरीला. देव मानत नसत आणि ते लपवतही नसत. बिल्डिंगमध्ये सत्यनारायण असला की खुर्च्या मांडायला पहिले यायचे आणि तीर्थप्रसादाच्या वेळी तितक्याच सहज घरी जायचे. कुणी छेडलं तरच बोलायचे, पण मग मागे हटायचे नाहीत. आईचा त्यांच्यावर जीव होता. "सुधाकर, तू नास्तिक आहेस म्हणे. पण डबे उघडून लाडू बरे शोधतोस," असं ती म्हणायची. "काकू, लाडू दिसतो ना," असं त्यांचं उत्तर ठरलेलं.

त्या दिवशी सकाळी मी गच्चीवर पान ठेवलं होतं. वडे, खीर, गवारीची भाजी, बाबांना आवडायची ती आमसुलाची चटणी. कावळा आला नाही. आई दोनदा वर जाऊन आली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा जिन्यात सुधाकरभाऊ भेटले.

"काकू, किती चढउतार करताय?"

"अरे, कावळा शिवत नाही. ह्यांचं काहीतरी राहिलंय मनात."

"काही राहिलेलं नाही. आज अख्ख्या भाईंदरनं कावळ्यांना जेवायला बोलावलंय. पोट फुटायची वेळ आलीय त्यांची. बिल्डिंगा नाहीत ना, तिकडचे कावळे बघा, उपाशी असतील बिचारे."

आई हसली. स्वयंपाकघरात वडे तळत असलेली मीसुद्धा हसले. पुढचा घाणा काढून बाहेर आले, तर दार उघडं होतं. आईच्या चपला नव्हत्या. गच्चीवर गेले तर पानही नव्हतं.

मी सुधाकरभाऊंना हाक मारली. ते बाहेर आले आणि मी काय सांगतेय ते ऐकलं. "ताई, मीच म्हणालो. बिल्डिंगा नाहीत तिकडे," ते म्हणाले. "काकूंनी ते खरं धरलं." मग चप्पलही न घालता खाली धावले.

नाक्यावरच्या रिक्षावाल्यांपैकी एकाने आईला नेलं होतं. "माताजी थाली पकड के बैठी थी. मुर्धा के आगे उतरी. पूछ रही थी कौवा किधर मिलेगा. मैं बोला माताजी, कौवा तो आप के घर के पास ही ज्यादा है. मानी नहीं." त्याच्याच रिक्षाने आम्ही गेलो. आईला सोडलं ती जागा त्याने दाखवली. तिथून मिठागराचा बांध खाडीकडे जातो. गावातली एक बाई दारात बसली होती. म्हणाली, "म्हातारी गेली खरी. मी हाक मारली, तिनं आयकली न्हाय. आज उधाण हाय बाय, बांधाव जाव नका. खांडीत पानी चढतंय."

खांड म्हणजे बांध फुटून पडलेली जागा. भरतीचं पाणी तिथून आत शिरतं आणि पुढचा बांध बेटासारखा तुटतो. आई त्या पुढच्या भागात गेली असेल तर परतायचा रस्ता बंद होत होता, आणि हे तिला कळणार नव्हतं. ती पाण्याला रस्ता समजून चालू लागली असती.

ती दुपार मला अजून नीट आठवते. ऑक्टोबरचं ऊन. दोन्ही बाजूंना पांढरट, थिजल्यासारखं पाणी. वारा नव्हता, तिवरांचं पानही हलत नव्हतं. भरती येताना आवाज होतो असं मला वाटायचं, पण ते पाणी मुळीच आवाज न करता वाढत होतं. एका दगडाकडे बघत दोन पावलं टाकावीत, की तो दगड नाहीसा. मी आईला हाक मारली, तर ती माझ्या तोंडातून निघून कुठेच पोचली नाही असं वाटलं. आकाशात एकही पक्षी नव्हता.

बांधाच्या तोंडाशी शेंदूर लावलेला एक दगड आहे. गावातले त्याला आई म्हणतात. मी तिथे थांबले. मी म्हटलं, मला आता काही सुचत नाही. काय मागायचं तेही कळत नाही. तुला सुचेल ते कर. इतक्या महिन्यांत प्रथमच मी सगळं तिच्यावर सोपवून हात जोडले होते.

"ताई, चला ना! पाणी थांबणार आहे का तुमच्यासाठी?" सुधाकरभाऊ पुढून ओरडले आणि थांबले नाहीत. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मी खांडीशी पोचले तेव्हा पाणी पुरुषाच्या छातीला लागेल इतकं झालं होतं. ते माझ्यासाठी थांबले असते तर त्यांनाही पलीकडे जाता आलं नसतं.

पलीकडे, बांधाच्या टोकाला, मिठागराची एक पडकी चौकी आहे. छप्पर गेलेलं, भिंती अर्ध्या. तिच्या सावलीत आई पाठमोरी बसली होती. सुधाकरभाऊ तिच्याजवळ उभे होते. त्यांनी हात वर करून खुणेने सांगितलं, ठीक आहे. पाणी ओसरेपर्यंत मी अलीकडे उन्हात उभी राहिले. सगळा वेळ मला आईची पाठ आणि डोक्यामागचा घट्ट अंबाडा दिसत होता. खूप वेळाने माझ्या लक्षात आलं, की सकाळी स्वयंपाकाच्या गडबडीत मी तिचे केस विंचरले नव्हते. तिचा खांदा आखडलेला. हात डोक्यामागे जात नसे. गेली दोन वर्षं तिची वेणी मीच घालत होते, आणि असा अंबाडा मला बांधता येत नाही.

ओहोटीला खांड ओलांडून मी तिच्यापाशी पोचले. अंबाड्यात एकही पिन नव्हती. मी वास घेतला. तेल खोबरेल नव्हतं, तिळाचं असावं.

"आई, केस कोणी बांधले?"

"ती होती ना."

"कोण ती?"

"विचारलं नाही गं. विंचरताना बोलायचं नसतं, ओढ बसते."

"आणि पान?"

"तिनं हाक मारल्यावर आले सगळे," आई म्हणाली. "ह्यांचं काही राहिलं नाही आता."

त्या संध्याकाळी सुधाकरभाऊ आमच्या गॅलरीत येऊन बसले. मग म्हणाले, "ताई, एक सांगायचंय. खांडीशी पोचलो तेव्हा मला चौकीत दोघी दिसल्या. एक पुढे, एक मागे. मागचीचे हात काकूंच्या डोक्यावर होते. पाण्यात उतरलो, तळ बघत पलीकडे आलो, मान वर केली तर काकू एकट्या."

मी सवयीने विचारत गेले. अंतर किती होतं? शाळेच्या मैदानाएवढं. ऊन? समोरून, पाण्याची चमक डोळ्यांत. दुसरी कशी होती? सांगता येणार नाही. तिथून ती जाणार कुठे? तिन्ही बाजूंना पाणी होतं, आणि चौथ्या बाजूने ते स्वतः येत होते.

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "चमकेनं भासही झाला असेल. पण मग केस कोणी बांधले?"

त्यांनी हे सांगितलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं. त्यांच्या मतांना ते सोयीचं नव्हतं. तरी त्यांनी सांगितलं.

बिल्डिंगमध्ये दोन दिवसांत गोष्ट पसरली. बायकांनी त्या दगडाची ओटी भरायचं ठरवलं. मी गेले आणि मनापासून भरली. परत आले तर सुधाकरभाऊ दारात उभे.

"झाले आभार मानून?"

"तुम्ही येणार नाही हे माहीत होतं."

"ताई, रागावू नका. सर्वपित्रीला आमच्या आजोबांना गावात जेवायला मिळायचं. आधी कावळा, मग गाय, मग घरची माणसं, आणि उरलं तर आजोबा. वाढणारे सगळे श्रद्धाळू. त्यांना वाईट वाटायचं नाही, कारण ते देवानं लावून दिलेलं. मला देवाशी भांडण नाही. ‘देवानं केलं’ म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही, त्याच्याशी आहे. तुम्ही देवीला साडी नेसवलीत. एका बाईनं उन्हात, पाण्यात तुमच्या आईला हलू न देता बसवून ठेवलं असेल, तर तिला कोण शोधणार?"

पुढच्या रविवारपासून ते मुर्ध्याला जाऊ लागले. मुर्धा झालं की पुढचं गाव राई, घरोघरी. मीही जाऊ लागले. कुणीच त्या दिवशी बांधावर गेलं नव्हतं. उधाणात कोण जाईल, असं सगळे म्हणत. दारात बसणारी ती बाई आम्हाला ओळखू लागली. एकदा सुधाकरभाऊंना म्हणाली, "देव मानत न्हाय म्हनतोस, नि दर आयतवारी आईच्या बांधाव येतोस. आमचा भगत पन येवढा येत न्हाय." ते मोकळेपणाने हसले आणि पुढच्या घराकडे वळले.

त्या बाईला शोधायची मला घाई होती, आणि तिचं कारण आईच होती. त्या दिवसानंतर तिने माझ्या हातात केस दिले नाहीत. दुपार झाली की गॅलरीत केस मोकळे सोडून, दाराकडे पाठ करून बसायची. कंगवा जवळ नेला की मान काढून घ्यायची. "तू नको. ती येईल." घरात आम्ही दोघीच असू, तरी अशा वेळी मला तिच्या मागे उभं राहायला नको वाटे. आपण कुणाच्या तरी जागेवर उभ्या आहोत असं वाटायचं.

आई सव्वा वर्षाने, झोपेतच गेली. त्या सव्वा वर्षात ती पुन्हा कधी एकटी घराबाहेर पडली नाही, बाबांचं काही राहिलंय असंही म्हणाली नाही. याबद्दल मी देवीची ऋणी आहे, आणि चढत्या पाण्यात उतरलेल्या माणसाचीही. दोन्ही आभार एकदाच हात जोडून मानता येतात हे मला तेव्हा कळलं. दिव्यापुढे मी आता काही मागत नाही. जे सुचत नाही ते तिच्यावर सोपवते, आणि जे विचारता येण्यासारखं आहे ते विचारायला बाहेर पडते.

२००७ मध्ये त्या मिठागरात मातीची भरणी टाकायला सुरुवात झाली. त्याआधीच्या रविवारी सुधाकरभाऊंनी आणि मी राईतली राहिलेली घरं विचारून संपवली होती. मग पुढे पाली गावापर्यंत गेलो. सर्वपित्रीच्या त्या दुपारी बांधावर गेलेली बाई आम्हाला कुठेच भेटली नाही.